कस्तुरीचे बाबा

शाळा सुटताच मी ओजसची कॉलर धरली आणि त्याला फाटकावर आपटलं. चौथीतलं पोर, दप्तरासकट हलकं होतं.

“माझ्या लेकीला म्हैस करतोस?”

म्हशीच्या धडावर कस्तुरीचं तोंड लावलेला स्टिकर महिनाभर वर्गाच्या ग्रुपवर फिरत होता. पाठवणारी ‘ओजसची आई’. ग्रुपवर सगळ्यांची नावं अशीच, पण संध्याकाळी फोन पोरांच्याच हातात.

“काका, सॉरी,” तो म्हणाला. तरी मी दोन ठेवून दिल्या. ओठ फुटून शर्टावर रक्त सांडलं. कुणाच्या तरी आईने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला.

घरी कस्तुरीने विचारलं, “रडला?”

“रडला.”

महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली आणि अभ्यास बघायला माझा फोन घेऊन आत गेली. बराच वेळ आतून तिचं हसणं ऐकू येत राहिलं, म्हणून मी उठून गेलो.

फोनवर ग्रुप उघडा होता. ओजसच्या फुटक्या ओठाचा स्टिकर तिने नुकताच पाठवला होता, ‘कस्तुरीचे बाबा’ या नावाने. खाली ‘ओजसची आई’कडून उत्तर आलं होतं.

“काका, मी सॉरी म्हटलं होतं.”