सोनवाहीचा पहारा

या मायबाप, जवळ सरकून बसा. सोनवाही नदीच्या पहाऱ्याची कथा सांगतो. ऐकून घोटभर पाणीही गोड लागणार नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

नदीचा पहारेकरी धोंडिराम ओसरीवर कण्हत पडला होता. पाणी तपासणारी यंत्रं वरच्या कारखान्यांनी केव्हाच फितवली, म्हणून काठच्या गावांनी मिळून माणसं नेमली होती. पहारेकऱ्याच्या मनगटातली तार नदीशी जोडलेली. नदीत विष आलं की त्याचा हात पेटायचा, आणि ती आग त्याला जाणवत असेतो गावच्या टाकीचं दार बंद राहायचं.

"हौसे, रडतेस कशाला? हात माझा जळतोय."

"तुमचा जळतोय, नि मी काय शेकत बसू?"

हौसाबाई सकाळपासून गार फडकी बदलत होती. दुपारी नवऱ्याने दातांनी ओठ फोडला, तेव्हा तिला राहवेना. तिने दुधातून गुंगीची गोळी दिली. पांडुरंगा, घटकाभर तरी निजू दे त्यांना! दार दुखण्याचं ऐकतं, हे त्या माउलीच्या ध्यानातच राहिलं नाही.

धोंडिराम झोपला आणि टाकीचं दार उघडलं. पाणी आलं म्हणून बाया घागरी घेऊन धावल्या.

दिवेलागणीला तो जागा झाला. "दार बंद आहे ना गं?"

शेजारच्या घरातून पहिला हंबरडा उठला.

मायबाप, त्या गावच्या लेकरांची आठवण ठेवा. आणि हौसाबाईचीही ठेवा. तिने मायाच केली होती.