ऐन हंगामातली काटकसर

घड्याळाच्या मनोऱ्याखाली मास्तरांना तो टोपीवाला पुन्हा दिसला आणि त्यांचा हात आपसूक पोटाकडे गेला. सदऱ्याच्या आत कापडी पिशवी बांधलेली होती. सहलीचे उरलेसुरले सगळे पैसे तिच्यात होते. ती गेली की उद्याच गाशा गुंडाळून घरी जायचं.

"अहो, थांबलात का?" बायको म्हणाली. "हे घड्याळ बनवणाऱ्या घड्याळजीला तुरुंगात टाकलं. मग?"

"हळू बोल. तो बघ, पांढऱ्या टोपीवाला. परवा पुलावर होता, काल जकातकचेरीत होता."

"हंगाम आहे. सगळे तेच तेच बघायला येतात. आणि तुम्ही जरा मोठ्यानं सांगा, हल्ली मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं."

मास्तरांनी आवाज चढवला. मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय अजून मोडली नव्हती. सारी हयात त्यांनी इतिहास शिकवला होता. या शहराबद्दल दर वर्षी घसा कोरडा केला, पण शहर काही पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर बायकोनंच हट्ट धरला की जायचं, आणि तेही शाळेतल्यासारखं पुस्तकातून नाही.

शाळांना सुट्ट्या, त्यामुळे सगळ्याचे दर दुप्पट. मास्तरांनी हिशेब मांडला आणि हात टेकले. पेन्शनीत ते बसणं शक्य नव्हतं.

"मी बसवते," बायको म्हणाली होती. "फक्त गाईड करायचा नाही. तुम्ही सगळं वाचून तयार राहा, म्हणजे तेवढेच पैसे वाचतील."

मास्तर परीक्षेला बसल्यासारखे वाचत राहिले. आणि इथं आल्यावर पाहतात तो नदीकडच्या खिडकीची खोली, वर सकाळचा नाश्ता. जिन्याखालच्या कोंदट खोलीची तयारी ठेवून आलेले मास्तर चक्रावले. विचारलं तर "घासाघीस केली," एवढंच उत्तर. बाकी ताकास तूर लागू देईना.

मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. हॉटेलच्या काउंटरवर एक गोड बोलणारी बाई बसायची. बायको रोज सकाळी तिच्याशी काहीतरी कुजबुजत असायची आणि मास्तर जिना उतरून आले की दोघी गप्प व्हायच्या. मास्तरांनी मनाशी सगळं जुळवलं. बाई स्वस्तात खोली देणार, गोडगोड बोलून कोण कुठं फिरणार ते काढून घेणार आणि आपली माणसं मागे सोडणार. आपली बायको भोळी. रस्त्यात कुणी वेळ विचारली तरी घरची सगळी माहिती देऊन मोकळी होते.

आणि टोपीवाला एकटा नव्हता. गुडघ्याला पट्टा बांधलेली एक बाई होती. एक तरुण जोडपं होतं, नवी लग्नं झालेली माणसं एकमेकांकडे बघतात, हे दोघं मास्तरांकडे बघायचे. मास्तरांनी मान वळवली की सगळे घाईघाईनं भिंतीकडे, नाहीतर आकाशाकडे बघू लागायचे. भिंतीवर बघण्यासारखं काहीही नसायचं.

"चल," मास्तर म्हणाले.

"अहो, पण घड्याळजीचं?"

"खड्ड्यात गेला घड्याळजी. चल म्हणतो ना."

ते मासळीबाजाराच्या बाजूनं निघाले, लांब ढांगा टाकत. बायको मागून धापा टाकत येत होती. कोपऱ्यावर तिनं थांबून ती भडक केशरी छत्री उघडली आणि चांगली उंच धरली.

"मिटव ती आधी. मैलावरून ओळखू येतो आपण."

"मला ऊन लागतंय."

आभाळ भरलेलं होतं. पण वाद घालायला वेळ नव्हता, कारण मागच्या वळणावर पांढरी टोपी दिसली होती. मास्तर डावीकडच्या बोळात घुसले, तिथून दुसऱ्यात. म्हटलं, हातावर तुरी देऊ त्यांच्या. दुसरा बोळ एका गोदामाच्या बंद दारापाशी संपला.

मास्तरांना घाम फुटला. त्यांना खरोखर भीती वाटत होती. पैशांपेक्षा जास्त वाईट याचं वाटत होतं की आयुष्यात एकदाच निघालो आणि तेही असं नासलं. इतकी वर्षं बायकोनं घरात कधी त्यांचं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नव्हतं, आणि इथं ती तासन् तास ऐकत होती. अजून दोन दिवस ते चालायला हवं होतं.

बोळाच्या तोंडाशी पावलं वाजली. टोपीवाला आला, त्याच्यामागे जोडपं आलं, पट्टेवाली भिंतीला धरून लंगडत आली. आणखी चारपाच अनोळखी तोंडं मागून डोकावली. बायको छत्री धरून मधेच उभी होती, आणि चेहरा असा पांढराफटक पडला होता की मास्तरांना तिची दया आली.

त्यांनी तिला मागे सारलं, एका हातानं पोट घट्ट दाबलं आणि दुसऱ्या हातानं टोपीवाल्याचं मनगट पकडलं.

"बोला. आमच्या मागे का लागलात?"

टोपीवाल्यानं आधी मनगटाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या खांद्यावरून त्यांच्या बायकोकडे.

"ताई, माणशी पैसे घेताना तुम्ही बजावलं होतंत, की आमचे गाईड फार तऱ्हेवाईक आहेत, त्यांना ओळख देऊ नका, लांबून नुसतं ऐका. ते आम्ही पाळलं. पण हे असे पळवणार असतील, तर उद्याचे पैसे परत करा."