तीन कोसांचे पाय

शांतम्मानं गोठ्याची मेढ धरली आणि टाचा उचलल्या. पिंढऱ्या थरथरल्या. ती मटकन खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा टाचा उचलल्या.

"आत्याबाई, आजच्याला पुरं करा," कडेवर लेकरू घेतलेली सून बसम्मा म्हणाली. "लय घाम आलाय."

"येऊ दे," शांतम्मा म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी ती विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली होती. हाड जुळलं, पण पाय गेले. बाजेवर पडून पडून तळवे लेकराच्या तळव्यांसारखे मऊ झाले. घरात मुलगा होता, सून होती, म्हणून तिचं चालून गेलं.

संक्रांतीनंतर मुलगा लिंगराज निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात गेला. तिथं राज्याविरुद्ध उठलेल्या पोरांचा कॅम्प होता. त्याला शोधत निजामाचे बंदूकवाले घोड्यांवरून दोनदा घरी येऊन गेले. दुसऱ्या खेपेला त्यांच्या म्होरक्यानं बसम्माकडं बोट केलं. "पुढच्या बारीला तो नसला तर हिला नेऊ."

त्याच दिवशी शेजारचा सटवाजी सांगून गेला की वैशाखात चार घरं हद्दीपलीकडं निघणार आहेत. गाडीवाटेवर नाकी बसली होती. दोन दिवस आडवाटेनं पायी जायचं होतं.

"पर काकूला नेता यायचं न्हाई," तो म्हणाला.

"मंग मी बी येत न्हाई," बसम्मा म्हणाली. "यांना पाणी कोण देईल?"

तिला सगळ्यांनी समजावलं. ती बधली नाही. बाजेवरून शांतम्मा ऐकत होती. सटवाजी उठायला लागला तेव्हा ती म्हणाली, "वैशाखापतुर मी चालंन."

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुरुवात केली. सकाळी कोमट एरंडेल तळव्यांत जिरवायचं. जमिनीवर फडकं पसरून ते पायाच्या बोटांनी गोळा करायचं. मग भिंतीच्या आधारानं अंगणात फेऱ्या. मऊ तळव्यांना फोड आले, ते फुटले, त्यांवर कातडं धरलं. पंधरा दिवसांनी बसम्मा तिला ओढ्याच्या वाळूत नेऊ लागली. वाळूत पाय रुतायचा आणि उचलताना कंबरेतून कळ यायची. शांतम्मा ओठ दाबून पाय उचलायची.

हळूहळू तिला भूक लागू लागली. रात्री झोप येऊ लागली. वाकलेली पाठ सरळ झाली, दम लांबला. चैत्र सरता सरता ती काठी टेकत एकटीच महादेवाला जाऊन आली. बाया दारात येऊन बघत राहिल्या. बसम्मानं त्या दिवशी हसत हसत गाठोडं बांधायला काढलं.

वैशाखात एका पहाटे ते निघाले. सगळे मिळून अकरा जण. शांतम्मा सटवाजीच्या मागून चालत होती. बसम्मा वळून वळून तिच्याकडं बघायची आणि शांतम्मा दर वेळी काठीनं तिला पुढं हो म्हणून खुणवायची. उन्हं तापली तेव्हा तीन कोस मागं पडले होते. समोर टेकाड होतं. ते उतरलं की गावाकडची वाट दिसेनाशी होणार होती.

टेकाडावरच्या लिंबाखाली शांतम्मा बसली. घोटभर पाणी प्याली. नातवाचे पाय हातात धरून कपाळाला लावले.

"जा आता," ती म्हणाली. "मी हितून माघारी जाती."

"आसं कसं? बसा थोडं. दमानं जाऊ."

"माझे पाय तीन कोसांचे हायत, पोरी. पयल्या दिवसापासून मला ठावं हाय. इथवर यायचं अन् बसत उठत घरी जायचं. त्याच्या म्होरं न्हाई व्हायचं."

बसम्माला रडू फुटलं. "मंग कशापायी केलंत हे समदं?"

"तू घराभाईर पडावं म्हणून."

बसम्मा जागची हलेना. सटवाजीनं लेकरू घेतलं आणि तो टेकाड उतरू लागला. लेकरू रडायला लागलं तशी ती त्याच्या मागं धावली.

ती हद्दीपलीकडं पोचली. लिंगराज भेटला. भादव्यात निजामाचं राज्य बुडालं आणि माणसं आपापल्या गावी परतली. बसम्मा परतली तेव्हा घराला बाहेरून कडी होती. आत चुलीवर धुळीचा थर होता.

शेजारणींनी सांगितलं. ते निघून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी बंदूकवाले आले होते. सून कुठं आहे म्हणून विचारलं. बसम्माची दोन दिवसांची वाट अजून अर्धीच झाली असणार होती. त्यांच्या घोड्यांना तिला गाठणं अवघड नव्हतं. शांतम्मा म्हणाली, माहेरी गेली, पिंगळीला. म्हणजे उलट्या दिशेला, परभणीच्याही पुढं. त्यांचा विश्वास बसला नाही. चल, वाट दाखव, म्हणाले. तिनं काठी घेतली.

लिंगराज पिंगळीच्या वाटेनं आईच्या शोधात निघाला. जिंतूर मागं पडलं. बोरीच्या शिवारात किशनराव नावाच्या शेतकऱ्यानं त्याला बांधावरची एक जागा दाखवली. तिथं तिला पुरून वर दगड रचले होते. गावापासून ती जागा दहा कोसांवर होती.

"म्हातारी म्होरं अन् घोडी मागं," किशनराव म्हणाला. "दिवस बुडायला आला हुता. मी पाणी द्यायला गेलो, तर ती थांबली न्हाई. घोडेवाल्यांकडं वळून नुसती म्हणत हुती, या, आता थोडंच राहिलंय."