भरलेली सतरंजी

समाजमंदिराची किल्ली ताईबाईच्या कमरेला असायची. रोज संध्याकाळी ती दार उघडायची, झाडायची, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून एकटीच वंदना म्हणायची. वस्तीतली पोरं शिक्रापूरला कंपन्यांत गेलेली, तिचा विनोदसुद्धा. आज जुनं पाडून नवं बांधायचं का हे ठरवायला सगळी आली होती. किती दिवसांनी मोठी सतरंजी भरली. भांडणं झाली, चहा झाला, पुन्हा भांडणं. हात वर केले तर दोन्हीकडं सारखेच. रिवाजाप्रमाणं शेवटचा शब्द थोरल्या माणसाचा. "आये, सांग, नवं पाहिजे का न्हाई?" विनोद म्हणाला. जुन्या भिंती धड आहेत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं भरलेल्या सतरंजीवरून नजर फिरवली. "मला काय उमजंना बाबा," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी परत बसू." कुरकुरत माणसं गाड्यांवर बसली. ताईबाईनं कप विसळले. सतरंजी मात्र गुंडाळली नाही.