जागा क्रमांक दोन

शिवप्पांनी मुठीतले वीसच्या वीस चिंचोके एकाच कार्डावर ठेवले आणि हात झटकले.

"आयतु. झालं."

कार्डावर लिहिलं होतं, 'गावाला काम'. समोर सतरंजीवर बसलेल्या शिवलीलानं त्यांच्या नावापुढं वीस लिहिलं आणि उरलेल्या चार रकान्यांत शून्य. शिवप्पा तिचे वडील. पण बाकीच्यांना म्हणाली तसं ती त्यांनाही "पुढं या, बसा" एवढंच म्हणाली होती.

मैंदर्गीजवळच्या या गावात सौर प्रकल्प यायचा होता. त्यासाठी तीन जागा होत्या. कुठली घ्यायची ते कुणा एकानं ठरवायचं नव्हतं. ऊन, सबस्टेशनचं अंतर, जमिनीचा कस, गावाला काम आणि रुद्रभूमी असे पाच निकष होते. प्रत्येकाला वीस चिंचोके द्यायचे, आणि ज्याला जे महत्त्वाचं वाटेल त्यावर त्यानं जास्त ठेवायचे. त्यावरून निकषांची वजनं निघायची, वजनांवरून तीन जागांचे गुण. सोलापूरच्या ऑफिसातून युवराज सरांनी या कामावर शिवलीलालाच पाठवलं होतं. गाव तिचं होतं, आणि तिला कानडी येत होतं.

जागा एक म्हणजे ज्वारीची चांगली रानं. जागा तीन सबस्टेशनपासून लांब. जागा दोन म्हणजे ओढ्यापलीकडचा पडीक माळ. गावातली लिंगायत माणसं मेल्यावर त्याच माळावरच्या रुद्रभूमीत पुरतात. जानेवारीत शिवलीलाच्या आईला, गिरिजाबाईंना, तिथंच माती दिली होती.

शेवटी म्हातारी निंगव्वा उठली. तिनं चिंचोके दोनदा मोजून घेतले आणि सगळे रुद्रभूमीच्या कार्डावर सरकवले.

"आमचा माणूस तितं हाय," ती म्हणाली. "मीबी तितंच जाणार. मला कामाचं काय करायचंय?"

शिवलीलानं वीस लिहिलं.

बत्तीस माणसं झाली. सहाशे चाळीस चिंचोके. रुद्रभूमीवर एकसष्ट. म्हणजे शंभरात साडेनऊ. लोक चहा पिऊन गेले. शिवलीलानं सगळे चिंचोके पिशवीत भरले, लॅपटॉप उघडला आणि वजनं टाकली. जागा दोन पहिली आली.

शिवप्पा दाराशी बाकावर बसून होते. लेक जेवूनच जाईल, असं त्यांनी धरलं होतं.

शिवलीलानं रुद्रभूमीचं साडेनऊ पुसून पंधरा टाकलं. जागा दोन वरच राहिली. वीस टाकलं, पंचवीस टाकलं. एकतीस टाकल्यावर जागा एक वर आली. वजन किती बदललं की निकाल पलटतो, ही तपासणी अहवालात द्यावीच लागते, त्यात वावगं काही नव्हतं. पण एकतीस टाकल्यावर तिचा हात तिथंच थांबला. चिंचोके परत कुणी मोजणार नव्हतं. वही तिचीच होती. रकान्यातला आकडा ती बघत राहिली. आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे, असं तिच्या मनात आलं. वाटलं काहीच नाही.

"अप्पा," ती न बघताच म्हणाली. "रुद्रभूमीवर एकसुद्धा ठेवला नाही तुम्ही."



"गुरुशांत पुण्यात गेटवर उबा असतोय," शिवप्पा म्हणाले. "बारा बारा तास. तुमची अव्वा गेली तवा साहेबानं त्याला सोडलाच न्हाय. त्यो आला तवर माती देऊन आमी घरी आलो हुतो. हे हितं झालं तर त्याला हितंच काम गावंल. मी गेल्यावर तरी पोरगं जवळ असंल की."

शिवलीलाला तो दिवस आठवला. तिचा भाऊ गुरुशांत बॅग खांद्यावर तशीच ठेवून उंबऱ्यात उभा होता, आणि कुणालाच काही विचारत नव्हता.

तिनं एकतीस पुसलं. साडेनऊ टाकलं. तक्ता पाठवून दिला.

दहा मिनिटांत युवराज सरांचा फोन आला. "गावातून विरोध?"

"नाही सर."

"रुद्रभूमीबद्दल?"

"एका बाईंनी सगळे गुण तिथं दिलेत. नोंद केलीय."

"गुड. तुझंच गाव म्हणून सोपं गेलं असेल."

"हो सर."

शिवप्पा उठून तिच्या मागं येऊन उभे राहिले होते. स्क्रीनवर माळाचा नकाशा होता. त्यावर पॅनेलच्या रांगा निळ्या रंगात आखलेल्या. जुन्या जागा खणायच्या नाहीत, खांब मधल्या जागेत रोवायचे आणि नव्या मयतासाठी दुसरी जमीन द्यायची, असं खाली छापलेलं होतं.

"वढा कुटं हाय ह्यात?"

तिनं बोट ठेवलं. शिवप्पांनी ओढ्यापासून आपलं बोट हळूहळू वर नेलं, बांधाशी थांबवलं, तिथून डावीकडं वळवलं.

"हितं ना अव्वा?"

शिवलीलानं नकाशा मोठा केला. रांगा मोजल्या. "हो. चौदावी रांग."

"रांगेच्या मदल्या वाटंवर, का त्या निळ्या पाट्यांच्या खाली?"

"खाली," ती म्हणाली.

शिवप्पांनी बोट उचललं. "मंजे सावलीत आली," ते म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.