गाठीची फांदी

सकाळी अंघोळ करताना छातीपाशी गाठ हाताला लागली. घरात कुणाला सांगायचा धीर झाला नाही. हात मात्र राहून राहून तिथेच जात होता.

बाल्कनीत सासूबाई पाठमोऱ्या बसून गुलाबाच्या फांद्या कुंडीत खोचत होत्या आणि एकीकडे धाकट्या बहिणीला फोनवर कलमं करायला शिकवत होत्या. आवाज असा, की फोनची गरजच नव्हती.

"अगं, फांदीवर गाठ दिसली ना? मग झाकून काय ठेवतेस, बाई? आधी कुणा जाणत्याला दाखव. कापावी लागली तर कापायची! वेळेत कापली की झाड उलट नव्याने फुटतं. आणि रडतेस काय वेडे, मी येते ना सोबत!"

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर सासूबाईंचा फोन चार्जिंगला लावलेला.

वळून पाहिलं, तर टीव्हीचा रिमोट कानाला लावून त्या माझ्याकडेच बघत होत्या.