बाटलीतलं पाणी

टाकी भरली की वाजणाऱ्या अलार्मचं सर्किट विशाखाने ब्रशने पुसलं, तर वाळल्यावर त्यावर पुन्हा पांढरे डाग. घरी बनवलेली सर्किटं ती नव्याण्णव टक्के अल्कोहोलनेच पुसायची. त्यात पाणी मिसळलं की असे डाग पडतात. म्हणजे कुणीतरी बाटलीतून काढून वर पाणी भरत होतं.

नवऱ्याने, हेरंबने, दारू सोडून वर्ष होत आलं होतं. विचारावं, तर त्याचा सगळा धीर सुटायचा. न विचारावं, तर हे असलं पोटात जाऊन माणूसच हातचा जायचा. कुलूप लावणं म्हणजे तर न बोलता केलेला आरोप. शेवटी चहा देताना तिने नुसतीच डागांची तक्रार केली. तो चपला घालून बाहेर पडला.

ती डाग खरवडत बसली. बऱ्याच वेळाने सासूबाई पदराशी चाळा करत जवळ आल्या.

"अगं, मीच ओतते पाणी. थोडं मोरीत सांडते नि तेवढं पाणी घालते. कधी त्याचा तोल गेलाच, तर निदान कडक तरी नको."

"अहो आई, पाणी घातलं तरी ते विषच!" विशाखाला हसावं की रडावं कळेना. "आणि मी इकडे त्याच्यावर संशय..."

दारात हेरंब उभा होता, हातात सर्किट पुसायच्या अल्कोहोलची नवी बाटली घेऊन. त्याने ती टेबलावर ठेवली आणि झाकण तिच्याकडे वळवलं.

"सील बघून घे," तो म्हणाला. "आईलाही दाखव."